डासांवर सुगंधी तेलं: कुठलं, किती आणि कुठे वापरायचं

सिट्रोनेला, लवंग, गवती चहा, पुदिना, निलगिरी. या तेलांना डास टाळतात हे खरं आहे, आणि पुरेशा मात्रेत डासअळ्या मरतात हेही खरं आहे. पण कुठल्या अवस्थेतल्या डासावर, किती मात्रेत आणि किती वेळ, हे बाटलीवर लिहिलेलं नसतं. मग दहा थेंब पाण्यात टाकून घरभर फवारलं जातं, डास तसेच चावतात, आणि 'नैसर्गिक उपाय काही कामाचा नाही' म्हणून बाटली कपाटात जाते. हा लेख अशा पहिल्यांदाच वापरणाऱ्यांसाठी आहे.

एक गोष्ट आधीच ठरवून टाका. ही तेलं प्रामुख्याने डासाला अंगापासून लांब ठेवण्यासाठी आहेत, तीही तासाभरापुरती. घरातले डास कमी करायचे असतील तर ते काम पाण्याच्या साठ्यावर करावं लागतं.

लागणारं साहित्य

- सिट्रोनेला तेल ३० मिली (सुरुवातीला एवढं पुरतं)
- लवंग तेल १० मिली (ऐच्छिक)
- अंगाला लावायला खोबरेल तेल १०० मिली
- आयसोप्रोपिल अल्कोहोल ९९ टक्के, १०० मिली. किंवा पॉलिसॉर्बेट-२०, ५० मिली (तेल पाण्यात मिसळवणारा द्रव; साबण-कॉस्मेटिक्सचा कच्चा माल विकणाऱ्यांकडे मिळतो)
- सुई काढलेल्या १ मिली आणि ५ मिलीच्या सिरिंज
- गडद रंगाच्या काचेच्या बाटल्या, एक स्प्रे बाटली
- चिकटपट्टी आणि मार्कर, नाव आणि तारीख लिहायला

थेंब मोजून मिश्रण करू नका. '२० थेंब म्हणजे १ मिली' हा ढोबळ हिशोब आहे. ड्रॉपर आणि तेलाचा दाटपणा बदलला की तो सहज दीडपट-दुप्पट चुकतो. सिरिंज वापरा आणि लगेच धुवा, नाहीतर तेलाने आतला रबरी दट्ट्या फुगून अडकतो.

## १. डास कुठला ते पाहा

काळा, पायांवर आणि अंगावर पांढरे पट्टे, दिवसा चावणारा, त्यातही सकाळी आणि संध्याकाळच्या आधी: हा एडिस इजिप्ती. डेंग्यू आणि चिकुनगुनिया याच्यामुळे. घरातल्या, त्यातल्या त्यात स्वच्छ साठवणीच्या पाण्यात वाढतो.

तपकिरी, रात्री कानाशी गुणगुणणारा, गटार आणि सेप्टिक टँकच्या घाण पाण्यात वाढणारा: क्युलेक्स. हत्तीरोग पसरवतो. भिंतीवर शेपूट वर करून तिरका बसणारा: ॲनॉफिलिस, म्हणजे हिवतापाचा. शहरात तो गच्चीवरच्या उघड्या टाक्यांत आणि बांधकामावरच्या हौदांत सापडतो.

हे कळलं की तेल कधी लावायचं ते आपोआप ठरतं. रात्री झोपताना तेल चोळून डेंग्यूपासून फारसं संरक्षण मिळत नाही. ते शाळेत जाताना आणि दुपारी चारला खेळायला निघताना हवं. रात्रीसाठी मच्छरदाणीसारखं दुसरं काही नाही.

## २. बाटली उघडण्याआधी कोरडा दिवस

आठवड्यातला एक वार ठरवा. उष्ण-दमट हवेत अंड्यापासून उडणारा डास व्हायला साधारण सात ते दहा दिवस लागतात, म्हणून आठवडा. पिंप, रांजण, बादल्या, कूलर, फ्रिजच्या मागचा ट्रे, कुंडीखालच्या बशा, मनी प्लांटची बाटली, गच्चीवरचे टायर, करवंट्या, शिल्लक फरशांखालची ताडपत्री: सगळं रिकामं करायचं.

नुसतं ओतून भागत नाही. एडिस अंडी घालतो ती पाण्याच्या रेषेच्या जरा वर, भांड्याच्या ओलसर आतल्या कडेला, आणि ती अंडी कोरड्यातही महिनोन्‌महिने तग धरतात. पुन्हा पाणी भरलं की त्यातून अळ्या बाहेर. म्हणून आतली कड काथ्याने किंवा ब्रशने घासून काढा, भांडं उन्हात उपडं घाला. ओतलेलं पाणी मातीवर किंवा तापलेल्या फरशीवर जाऊ द्या, गटारात नको. सेप्टिक टँकच्या व्हेंट पाइपला वर जाळी बांधा. बऱ्याच सोसायट्यांत नेमकी तीच राहून जाते.

## ३. तेलाची निवड

सिट्रोनेला. सुरुवात याने करा. स्वस्त आहे, सहज मिळतं, आणि अंगाला लावायला इतरांपेक्षा सोपं. जावा जात (सिम्बोपोगॉन विंटेरियानस) बघून घ्या. वास छान आहे पण उडतो लवकर, हीच त्याची मर्यादा.

गवती चहाचं तेल (लेमनग्रास). मुख्य घटक सिट्राल. खोलीत वापरायला चांगलं, अंगाला मात्र झोंबतं. त्वचेवर ०.७ टक्क्याच्या वर नेऊ नये असं सुगंधी तेलांच्या सुरक्षिततेवर काम करणारे सांगतात, आणि एवढ्या कमी मात्रेत ते डासावर फारसं चालत नाही. म्हणून ते खोलीतच ठेवा.

लवंग तेल. युजेनॉलमुळे डासांवर जोरदार, अळ्यांवरही. त्वचेला तितकंच जहाल: १०० मिलीला अर्धा मिलीच्या वर नको.

निलगिरी. इथे हमखास फसगत होते. सर्दीसाठी मिळणारं नेहमीचं निलगिरी तेल युकॅलिप्टस ग्लोब्युलसचं असतं, त्यात सिनिओल जास्त. डासांसाठी ज्याचं नाव घेतलं जातं ती लिंबाच्या वासाची निलगिरी, म्हणजे कोरिम्बिया सिट्रिओडोरा. त्यातही पुन्हा एक पायरी आहे. अमेरिकेच्या सीडीसीने (तिथली सरकारी रोगनियंत्रण संस्था) शिफारस केलेला घटक म्हणजे या तेलावर प्रक्रिया करून मिळणारं पीएमडी. ते कित्येक तास टिकतं. बाटलीतलं कच्चं लेमन युकॅलिप्टस तेल म्हणजे पीएमडी नव्हे, त्यात ते अगदी थोडं असतं. तासन्‌तास टिकणारं वनस्पतीजन्य काही हवं असेल तर लेबलवर पीएमडी आणि त्याची टक्केवारी लिहिलेलं तयार उत्पादनच घ्या.

कडुनिंब या यादीत मुळात बसत नाही. निंबोळीचं तेल हे न उडणारं, घट्ट तेल. त्याचं काम वेगळं: त्यातलं ॲझाडिरॅक्टिन किड्याच्या वाढीत आणि कात टाकण्यात अडथळा आणतं. डिफ्युझरमध्ये किंवा डासांच्या विजेवरच्या मशीनमध्ये घालायची ही वस्तू नाही.

घरी गवती चहा भरपूर आहे म्हणून कुकरच्या शिटीला तांब्याची नळी जोडून अर्क काढायच्या फंदात पडू नका. ताज्या पातीत तेल असतं ०.३ ते ०.५ टक्के. किलोभर पात उकळून हाती येणार तीन-पाच मिली, आणि पातीचा तुकडा नळीत अडकला तर कुकरचा बॉम्ब होतो. पात खोबरेलात मुरवून ठेवली तर वास येतो, मात्रा येत नाही.

## ४. विकत घेताना

लेबलवर वनस्पतीचं शास्त्रीय नाव, बॅच क्रमांक आणि तारीख हवी. 'फ्रॅग्रन्स ऑइल' किंवा 'अरोमा ऑइल' लिहिलेलं बहुधा कृत्रिम सुगंध असतो. प्लॅस्टिकच्या पारदर्शक बाटलीतलं घेऊ नका; ही तेलं प्लॅस्टिक मऊ करतात आणि उजेडात खराब होतात.

घरी दोन चाचण्या करता येतात. पांढऱ्या कागदावर एक थेंब टाकून एक दिवस ठेवा. सिट्रोनेला उडून गेलं पाहिजे. तेलकट, पारदर्शक डाग राहिला तर त्यात खाद्यतेल किंवा तसलंच काही मिसळलंय. दुसरी चाचणी फक्त लवंगेची: ग्लासभर पाण्यात थेंब सोडा. अस्सल लवंग तेल पाण्यापेक्षा जड, ते तळाशी गोल मण्यासारखं जाऊन बसतं. वर तरंगत राहिलं तर विकणाऱ्याला परत करा. सिट्रोनेला मात्र तरंगणारच, ते हलकं असतं.

## ५. अंगाला लावायचं मिश्रण

प्रौढांसाठी: ९५ मिली खोबरेल तेल, ५ मिली सिट्रोनेला. झालं. बाटली बंद करून हलवा, वर तारीख टाका. थंडीत खोबरेल गोठलं तर बाटली कोमट पाण्यात ठेवा, गॅसवर नको.

पहिल्यांदा कोपराच्या आतल्या बाजूला थोडं लावून चोवीस तास थांबा. लाली, खाज, आग झाली तर ते तेल तुमच्यासाठी नाही.

लावताना उघडी कातडी सगळी झाकली गेली पाहिजे. मानेला थोडं आणि हाताला थोडं लावून डास 'वासाने पळतील' असं होत नाही; तेल न लागलेल्या घोट्यावर तो बरोबर बसतो. आणि दर तासाभराने पुन्हा लावायचं. घाम, पाणी, कपड्यांची घासण यांनी त्याआधीच उतरतं. कंपन्या सिट्रोनेलाच्या लोशनमध्ये व्हॅनिलिन घालतात, त्याने ते सावकाश उडतं. केकच्या इसेन्सने तो परिणाम मिळत नाही, त्यात व्हॅनिलिन फार थोडं असतं.

कुणाला लावायचं नाही:

- तीन वर्षांखालच्या मुलांना काहीही लावू नका. पाळण्यावर मच्छरदाणी, अंगात पूर्ण बाह्यांचे कपडे.
- मोठ्या मुलांना निम्मी मात्रा, आणि हाताला नको. तो हात डोळ्यात आणि तोंडात जातो.
- दमा असेल किंवा दिवस गेले असतील तर आधी डॉक्टरांना विचारा.
- मांजर असलेल्या घरात जपून. या तेलांतले घटक निकामी करण्याची क्षमता मांजराच्या यकृतात फार कमी असते, आणि अंगाला लागलेलं ते चाटून पोटात घेतं.

लिंबाच्या सालीचं तेल यात मिसळू नका. घाण्यावर दाबून काढलेल्या त्या तेलाने उन्हात त्वचा भाजल्यासारखी होते, काळे डाग राहतात.

परिसरात डेंग्यूचे रुग्ण असतील तर या मिश्रणावर विसंबू नका. तेव्हा डीट, पिकारिडिन किंवा पीएमडी असलेलं नोंदणीकृत मलम लावा. घरात ताप आलेला माणूस असेल तर त्याला दिवसाही मच्छरदाणीत झोपवा, म्हणजे त्याला चावलेला डास दुसऱ्याला चावणार नाही.

## ६. खोलीसाठी फवारा

स्प्रे बाटलीत ९४ मिली आयसोप्रोपिल अल्कोहोल, ५ मिली सिट्रोनेला किंवा लेमनग्रास, १ मिली लवंग. संध्याकाळी दारं-खिडक्या लावण्याआधी पलंगाखाली, कपाटामागे, पडद्याच्या मागच्या बाजूला, टांगलेल्या कपड्यांच्या आसपास फवारा. डास दिवसभर अशाच अंधाऱ्या, शांत जागी बसलेले असतात. जेवण, पाणी झाकून ठेवा. पॉलिश केलेल्या लाकडावर आणि प्लॅस्टिकच्या वस्तूंवर थेट मारू नका, डाग पडतात.

अल्कोहोल पेट घेतं. गॅस, देवापुढची निरांजन, उदबत्ती चालू असताना फवारणी नाही. देवघर आणि स्वयंपाकघर एकाच खोलीत असेल तर अल्कोहोलऐवजी हे करा: ५ मिली तेल आणि २० मिली पॉलिसॉर्बेट-२० आधी कोरडं एकत्र ढवळा, मग १७५ मिली पाणी थोडं थोडं घाला. तेल थेट पाण्यात घातलं तर ते वर तरंगतं, फवाऱ्यातून आधी निव्वळ पाणी येतं आणि शेवटी निव्वळ तेल. अर्ध्या लोकांचं 'काही उपयोग होत नाही' इथून सुरू होतं. पाण्याचं मिश्रण आठवड्यात संपवा.

टेबल फॅन विसरू नका. डास उडायला अशक्त असतो. पायांच्या उंचीवर सोडलेला वारा त्याला बसू देत नाही. बाल्कनीत बसायचं असेल तर आधी पंखा, मग तेल.

आता मशीनबद्दल. रिकाम्या रिफिलमध्ये कडुनिंब तेल आणि कापूर भरायचा सल्ला सगळीकडे फिरतो. ती वात अगदी पातळ द्रावकासाठी केलेली असते. कडुनिंबाचं घट्ट तेल तिच्यातून वर चढत नाही, वरचं टोक करपून काळं होतं, जळका वास येतो आणि हवेत जायचं ते जातच नाही. मग पातळ करायला कोणी रॉकेल घालतं, आणि तापलेल्या कॉइलशेजारी रात्रभर रॉकेल ठेवून झोपतं. हे करू नका. कापूरही वाटतो तितका निरुपद्रवी नाही; लहान मुलाने थोडा जरी गिळला तरी झटके येऊ शकतात.

कडुनिंबाच्या पाल्याच्या धुरीने डास कमी होतात, पण तो धूर फुप्फुसात जातो. एका डासांच्या कॉइलमधून निघणारे सूक्ष्म कण ७५ ते १३७ सिगारेटींइतके भरतात असं २००३ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात मोजलं गेलं होतं. बंद खोलीत पाला जाळणंही त्याच जातीचं काम आहे.

## ७. पाण्यातल्या अळ्यांवर तेल: हिशोब करून बघा

'ही तेलं नैसर्गिक अळीनाशक आहेत' या वाक्याची खरी परीक्षा इथे आहे. प्रयोगशाळेत एखाद्या तेलाने ५० पीपीएमला (पाण्याच्या दहा लाख भागांत ५० भाग) निम्म्या अळ्या मेल्या तर ते चांगलं तेल मानतात. निम्म्या मरून आपल्याला चालत नाही, जवळपास सगळ्या मरायला हव्यात. त्याला साधारण दुप्पट-तिप्पट मात्रा लागते. १०० पीपीएम धरू. म्हणजे लिटरला १०० मिलिग्रॅम.

२०० लिटरच्या पिंपाला २० ग्रॅम, म्हणजे बाजारातल्या १० मिलीच्या दोन बाटल्या. हे तेल एक-दोन दिवसांत उडून जातं, पुन्हा टाका. पाण्याला वास येतो, ते प्यायला नको, भांडी धुवायलाही नको. आरोग्य खात्याचं टेमेफॉस हे अळीनाशक १ पीपीएमला काम करतं, शंभराव्या हिश्शात. पिंप घासून त्यावर कापड बांधायला काहीच खर्च नाही.

म्हणून पिण्याच्या-वापरायच्या पाण्यात सुगंधी तेल अजिबात नाही. वाहत्या गटारातही नाही. ते वाहून जातं आणि गाळाला चिकटतं. उरतात त्या जागा म्हणजे उपसता न येणारं, कुणी न वापरणारं थोडं साचलेलं पाणी: झाडाची ढोली, दगडातली खळगी, गेटच्या पोकळ खांबातलं पाणी. तिथेही आधी ढोली माती-वाळूने बुजवता येते का ते बघा.

लिफ्टच्या खड्ड्यात दोन मीटर बाय दोन मीटर, वीतभर पाणी असेल तर ते ८०० लिटरच्या आसपास होतं. त्याला ८० ग्रॅम तेल दर दोन दिवसांनी टाकणारी सोसायटी कुठे असते? पंप लावून उपसा, किंवा महापालिकेच्या हिवताप विभागाला कळवा. ते औषध टाकतात.

गप्पी मासे सोडलेल्या हौदात लवंग तेल तर मुळीच नको. मत्स्यपालनात माशांना गुंगी आणायला हेच तेल वापरतात. मात्रा चढली की मासे मरतात आणि अळ्या खाणारं कुणी उरत नाही.

## ८. चालतं की नाही ते स्वतः तपासा

बाटलीवरच्या दाव्यापेक्षा ही चोवीस तासांची चाचणी बरी. जागतिक आरोग्य संघटनेच्या पद्धतीचं हे घरगुती रूप आहे.

आधी साठा, म्हणजे मूळ घट्ट मिश्रण: १ मिली तेल आणि ४ मिली पॉलिसॉर्बेट-२० एकत्र ढवळा. या साठ्याच्या अर्ध्या मिलीत ०.१ मिली तेल असतं, म्हणजे लिटरभर पाण्यात साधारण १०० पीपीएम.

अळ्या ओगराळ्याने काढा. पाण्यावर सावली पडली की त्या वळवळत तळाला बुडी मारतात. हात स्थिर ठेवून मिनिटभर थांबलं की श्वास घ्यायला पुन्हा वर येतात, तेव्हा चटकन उचला. मोठ्या, चांगल्या वाढलेल्या अळ्या घ्या. स्वल्पविरामासारखे वाकडे कोष वेगळे काढून टाका, ते उद्याच डास होतील.

तीन बरण्या, प्रत्येकी १ लिटर, पाणी त्याच भांड्यातलं, वीस-वीस अळ्या:

1. पहिलीत काही नाही.
2. दुसरीत फक्त ०.४ मिली पॉलिसॉर्बेट.
3. तिसरीत ०.५ मिली साठा.

तिन्हींवर मलमल रबरबँडने घट्ट बांधा. चोवीस तासांनी मोजा. सुईने डिवचल्यावर न हलणारी ती मेलेली. पहिल्या बरणीत चारपेक्षा जास्त मेल्या असतील तर चाचणी बाद, पुन्हा करा.

दुसरी बरणी वगळू नका. पॉलिसॉर्बेटऐवजी भांड्याचा साबण घालणारे पुष्कळ, आणि साबणाने पाण्याचा पृष्ठताण मोडून अळ्या नुसत्याच बुडून मरतात. श्रेय मात्र लवंगेला जातं. चाचणी संपली की तिन्ही बरण्या उन्हातल्या कोरड्या मातीवर ओता.

## ९. पैसे वाया जाणाऱ्या गोष्टी

सिट्रोनेलाचा मनगटी पट्टा: आजूबाजूच्या काही सेंटीमीटरपलीकडे काही नाही. खिडकीतली गवती चहाची कुंडी: पात चुरगळल्याशिवाय तेल बाहेर येत नाही. मोबाइलवरचं 'डास पळवणारा आवाज' ॲप: शून्य. सिट्रोनेलाची मेणबत्ती अंगणात ठेवून जेवायला बसणं: वास माणसांना आवडतो, एवढंच.

'हर्बल' अगरबत्तीने क्षणात डास पडत असतील तर संशय घ्या. पाकिटावर केंद्रीय कीटकनाशक मंडळाचा नोंदणी क्रमांक आणि घटकाचं नाव नसेल तर आत कुठलं रसायन आहे ते कळायला मार्ग नसतो.

## १०. साठवण, विषबाधा, विक्री

बाटल्या कुलपात, गडद काचेत, झाकण घट्ट. उघडल्यापासून वर्षभरात संपवा. जुनं तेल हवेशी संयोग पावून त्वचेला जास्त झोंबतं.

चहाचा एक चमचा निलगिरी तेलही लहान मुलाला गंभीर करू शकतं. पोटात गेलं तर उलटी करवू नका, तेल श्वासनलिकेत उतरून न्यूमोनिया होतो. बाटली बरोबर घेऊन थेट दवाखाना गाठा. डोळ्यात गेलं तर पंधरा मिनिटं स्वच्छ पाण्याची धार.

बचत गटातून हे मिश्रण विकायचा विचार असेल तर थांबा. 'डास पळवणारं' किंवा 'डासनाशक' म्हणून विकलेली वस्तू कीटकनाशक कायदा, १९६८ खाली येते. नोंदणी आणि उत्पादनाचा परवाना लागतो, तेल झाडाचं असलं तरी. घरच्यासाठी करायला कुणाची हरकत नाही.